वॉर्डाबाहेरची सिस्टर

वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांत नर्सिंगमधल्या मुलींची, बायकांची आणि काही ब्रदरची, म्हणजे पुरुष नर्सची, पत्रं सगळ्यात जास्त आहेत. प्रत्येकाची अडचण निराळी, पण विचारणं एकच: वॉर्डातून बाहेर पडलो तर पुढे काय? म्हणून हा अंक त्यांच्यासाठी. चार पत्रं घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण त्यात अनेकजणींना स्वतःचं घर दिसेल.

प्रश्न: सिस्टर, सप्रेम नमस्कार. मी राजगुरुनगरला राहते, वय ३९. बारावीनंतर एएनएम (नर्सिंगचा दोन वर्षांचा कोर्स) केलं, कौन्सिलची नोंदणी आहे. गेली पंधरा वर्षं एकाच खासगी प्रसूतिगृहात काम करते. लेबर रूम, वॉर्ड, ओटी, सगळं मीच बघते. महिन्यातल्या निम्म्या नाईट माझ्याच असतात. दोन वर्षांपासून कंबर गेली आहे. हाडांचे डॉक्टर म्हणतात, वजन उचलायचं नाही. पेशंटला हात न लावता नर्सिंग कसं करणार? मिस्टर म्हणतात, नोकरी सोड आणि शिलाई मशीन घेऊन घरी बस. शेजारीण म्हणते, घरीच इंजेक्शन-सलाईन लावायला सुरुवात कर, चार पैसे सुटतील. मला दुसरं काहीच येत नाही. काय करू?

उत्तर: ताई, पंधरा वर्षं लेबर रूम सांभाळलेल्या बाईने ‘मला दुसरं काहीच येत नाही’ असं लिहावं, हे वाचून फार वाईट वाटलं. मीही एकेकाळी अगदी हेच म्हणत होते, म्हणून आधी माझं सांगते.

१९८३ साली मी मुंबईत एका मोठ्या रुग्णालयात स्टाफ नर्स म्हणून लागले. चव्वेचाळिसाव्या वर्षी एका बेशुद्ध पेशंटला कुशीवर वळवताना कंबरेत कळ आली, ती थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत गेली. मणक्यातली गादी सरकली होती. दीड महिना अंथरुणात काढून कामावर गेले, तर मेट्रनबाईंनी वॉर्ड काढून घेऊन मला इन्फेक्शन कंट्रोलला, म्हणजे रुग्णालयातला संसर्ग रोखायच्या कामाला, टाकलं होतं. चेंजिंग रूममध्ये बसून मी पोटभर रडले. वॉर्ड गेला म्हणजे नर्स म्हणून आपण संपलो, असंच वाटत होतं. मग हातात वही घेऊन रोज वॉर्डावॉर्डांतून फिरायला लागले. कॅन्युलाच्या चिकटपट्टीवर तारीख घातलेली नाही, सक्शनची बाटली गळ्यापर्यंत आली आहे, लाल पिशवीत सुई पडली आहे, ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर चिटल फोर्सेप कोरड्या बाटलीत उभा आहे, हे सगळं मला दारातूनच दिसायचं. राउंड घेऊन गेलेल्या डॉक्टरांना ते दिसलेलं नसायचं. ती नजर बावीस वर्षांच्या ड्युटीत तयार झाली होती आणि कंबर गेली तरी ती शाबूत होती. त्याच कामातून मी निवृत्त झाले.

आता तुमचं. घरी सलाईन लावायचा विचार आजच डोक्यातून काढा. डॉक्टरांच्या लेखी सूचनेशिवाय औषध देणं हा गुन्हा आहे, आणि एखाद्याला रिअॅक्शन आली तर तुमच्या हाताशी ना ऑक्सिजन असेल ना डॉक्टर. शेजारीण त्या वेळी दार लावून घेईल.

दुसरं, तुमच्या नोंदणीपत्राची मुदत बघा. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची, म्हणजे तुम्ही लिहिलेल्या कौन्सिलची, नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. खासगी प्रसूतिगृहात कोणी विचारत नाही म्हणून पुष्कळजणी ती तशीच राहू देतात. पुढे मी जे जे सांगणार आहे, त्यातल्या बहुतेक ठिकाणी पहिल्यांदा तोच कागद मागतात.

तिसरं, राजीनामा देण्याआधी अनुभवपत्र घ्या. नाराज होऊन निघालेल्या सिस्टरला मागाहून ते मिळत नाही. ‘पंधरा वर्षे कामावर होत्या, वर्तणूक चांगली’ एवढ्या दोन ओळींची चिठ्ठी चालायची नाही. लेटरहेडवर कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कुठल्या विभागात, किती प्रसूतींना मदत केली, नवजात बाळाची कोणती कामं केली, हे सगळं लिहून घ्या. तुम्हीच मजकूर तयार करून न्या आणि डॉक्टरांची सही घ्या. डॉक्टरांना वेळ नसतो. आयतं दिलं की सही करतात.

मला तुमच्यासाठी पहिल्यांदा सुचतं ते स्तनपान समुपदेशनाचं काम. शहरातल्या मोठ्या प्रसूती रुग्णालयांत यासाठी आता वेगळी माणसं नेमतात. आपल्याकडे हे फार जुनं आहे. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली. आयांनी दिलेलं दूध ६२.५ अंशांवर तीस मिनिटं तापवून, निर्जंतुक करून ते कमी वजनाच्या बाळांना देतात. अशा पेढ्यांत आईला धीर देऊन दूध काढायला शिकवणारी बाई लागते, आणि ते काम पुस्तक वाचून येत नाही.

तुम्ही हे रोज करता, फक्त त्याला नाव दिलेलं नाही. पहिलटकरीण तिसऱ्या दिवशी रडत बसलेली असते, छाती दगडासारखी झालेली, सासूबाई कोपऱ्यातून म्हणत असतात, ‘दूधच येत नाही हिला, पावडर आणा.’ तुम्ही काय करता? बाळाचं पोट आईच्या पोटाला लावता. त्याचं तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडेपर्यंत थांबता. हनुवटी छातीला टेकली का, खालचा ओठ बाहेर वळला का, काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसतोय का, हे बघता. घोट घेतल्याचा आवाज आला की सासूबाईंना जवळ बोलावून तो ऐकवता. हा शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. कोर्स केलेल्या पुष्कळ मुलींना आईशी बोलता येतं, पण शेक-शेगडी आणि धुरीच्या खोलीत जाऊन आजीला न दुखवता पटवता येत नाही. तुम्हाला ते येतं.

प्रशिक्षण मात्र घ्या. बीपीएनआय, म्हणजे भारतातल्या स्तनपान प्रसार चळवळीची संस्था, यासाठी अभ्यासक्रम चालवते. प्रमाणपत्र हातात आलं की चाकण-पिंपरीकडच्या प्रसूती रुग्णालयांत अर्ज करता येईल, आणि गावात बाळंतिणींच्या घरी जाऊनही भेटीप्रमाणे फी घेता येईल. फक्त एक पाळा: पावडरवाल्या कंपनीच्या माणसाकडून डायरीसुद्धा घेऊ नका. बाळांच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात आणि तिच्यासाठी आरोग्य कर्मचाऱ्यांना दिलेली प्रलोभनं १९९२ च्या कायद्याने बंद केली आहेत. आणि कायदा नसता तरी घेऊ नका असंच मी म्हटलं असतं.

दुसरा रस्ता तुमच्या दाराशी आहे. चाकणची एमआयडीसी. पाचशेहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात प्रशिक्षित माणसांसह रुग्णवाहिका कक्ष, म्हणजे उपचारांसाठी वेगळी खोली, हवा, ही अट १९४८ च्या कारखाने कायद्यापासूनची. तिथले लोक त्याला ओएचसी (ऑक्युपेशनल हेल्थ सेंटर) म्हणतात. डोळ्यात गेलेला कण, कापलेलं बोट, भाजलेला हात, नव्याने भरती होणाऱ्यांची तपासणी, कँटीनमधल्या माणसांची तपासणी आणि अपघाताचं रजिस्टर, असं काम असतं. पेशंट उचलायला माणसं असतात. कंपनीची बस आणि भविष्य निर्वाह निधी असतो. बऱ्याच ठिकाणी जीएनएम (तीन वर्षांचं नर्सिंग) मागतात, पण एएनएम घेणारेही आहेत. ही माणसं बहुधा ठेकेदारामार्फत भरतात, म्हणून गेटवर अर्ज देऊन थांबू नका. ओएचसीचं कंत्राट कोणाकडे आहे ते विचारा. पाळ्या असतात का हेही आधीच विचारा, नाहीतर नाईट पुन्हा गळ्यात पडेल.

तिसरा रस्ता शिरूर तालुक्यातल्या वढूचा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचं तिथे आसपासच्या २२ गावांत वर्षानुवर्षं आरोग्याचं काम चालतं. अशा संशोधनांत घरोघर जाऊन माहिती भरणारी, रक्तदाब घेणारी, लसीच्या चाचणीत बाळांच्या मागोमाग राहणारी माणसं लागतात. नोकरी प्रकल्पापुरती असते हे लक्षात ठेवा, दोन-तीन वर्षांनी नवा प्रकल्प शोधावा लागतो. पण एकदा अनुभव लागला की पुण्यातल्या रुग्णालयांत औषधांच्या चाचण्यांचं काम बघणाऱ्यांत शिरता येतं.

जीएनएम करू का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. नोंदणीकृत एएनएमला जीएनएमसाठी वयाची आडकाठी नाही. तरीही तीन वर्षं पूर्णवेळ, पगाराशिवाय, आणि पुन्हा वॉर्डातल्या पोस्टिंग. कंबर दुखत असताना आणि घर चालवायचं असताना मी तुम्हाला हा सल्ला देणार नाही. तिशीच्या आतली एएनएम असती तर आवर्जून दिला असता.

मिस्टरांना हे उत्तर वाचायला द्या. शिलाई मशीन वाईट नाही, पण त्यासाठी पंधरा वर्षं टाकून द्यायची गरज नाही.

प्रश्न: माझी मुलगी एएनएम आहे. एक एजंट तिला आखातात नर्स म्हणून पाठवतो म्हणतो. तीन लाख मागतो, अर्धे आधी. व्हिजिट व्हिसावर जायचं आणि तिथे गेल्यावर बदलून घ्यायचा म्हणे. विश्वास ठेवावा का? (एक वडील, जिल्हा रत्नागिरी)

उत्तर: दादा, एक रुपयाही देऊ नका. परदेशी नोकरीसाठी परवानाधारक एजंटला घेता येणारी फी तीस हजार रुपये आणि वर जीएसटी, इतकीच आहे, आणि त्याची पावती मिळाली पाहिजे. परवान्याचा नंबर मागा आणि सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तो तपासा. बहुतेक आखाती देशांत नर्स पाठवायचं काम २०१५ पासून सरकारी संस्थांकडे दिलेलं आहे. ‘व्हिजिट व्हिसावर जा’ म्हणणारा माणूस तिथेच उघडा पडला. तिथे गेलेल्या मुली मग घरकामाला लावल्या जातात आणि पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात असतो. अशी एक मुलगी परत आल्यावर माझ्यापुढे बसून बोलली आहे, म्हणून इतकं ठाम सांगते.

जर्मनीचं तुम्ही ऐकलं असेल. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सही आहेत. पण तिथे नर्स म्हणून मान्यता मिळवायला जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग आणि बी-२ पातळीपर्यंतचं जर्मन लागतं. मुलगी लहान असेल तर ते तीन लाख तिच्या जीएनएमला लावा.

प्रश्न: मी जीएनएम ब्रदर, वय २९, छत्रपती संभाजीनगरला आयसीयूत पाच वर्षं. पगार वाढत नाही. मित्र मेडिकल कोडिंगमध्ये गेला, तो म्हणतो घरी बसून काम आणि नाईट नाही. दुसरीकडे आमचे डॉक्टर म्हणतात, तू नातेवाइकांशी चांगलं बोलतोस, ते काम कर. म्हणजे नेमकं काय?

उत्तर: कोडिंग म्हणजे डिस्चार्ज कार्ड आणि केस पेपर वाचून प्रत्येक आजाराला आणि उपचाराला ठरलेला आकडा लावायचा. काम मुख्यतः अमेरिकेतल्या रुग्णालयांचं असतं. तुम्हाला शरीररचना आणि औषधं येतात, म्हणून शिकायला जड जाणार नाही. परीक्षा आणि सगळं कामच इंग्रजीत आहे. आणि मित्राने एक सांगितलं नाही: त्याच कंपन्यांत विम्याच्या पैशांचा फोनवरून पाठपुरावा करणाऱ्यांना अमेरिकेच्या दिवसाप्रमाणे, म्हणजे आपल्या रात्री बसावं लागतं. नेमणूकपत्रात काम कोणतं लिहिलंय ते बघूनच सही करा. विमा कंपन्यांच्या टीपीएमध्ये, म्हणजे त्यांचे क्लेम हाताळणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांत, क्लेम तपासायचं काम मराठी माणसाला जास्त सोयीचं, आणि ते संभाजीनगरातच मिळू शकतं.

पण तुमच्या डॉक्टरांचं मला जास्त पटलं. ते बहुधा अवयवदान समन्वयकाबद्दल बोलत असावेत. अवयव काढण्याची किंवा प्रत्यारोपणाची नोंदणी असलेल्या रुग्णालयात असा समन्वयक हवा असं कायदाच सांगतो, आणि २०१४ च्या नियमांत नर्सला त्यासाठी पात्र धरलं आहे. मेंदूमृत्यू चार डॉक्टरांच्या मंडळाने दोनदा तपासून जाहीर करायचा असतो, आणि दोन तपासण्यांमध्ये किमान सहा तासांचं अंतर लागतं. त्या सहा तासांत आयसीयूबाहेरच्या बाकावर घरचे लोक बसलेले असतात. आत मॉनिटरवर ठोके दिसत असतात, छाती वरखाली होत असते, आणि बाहेर येऊन सांगायचं असतं की माणूस गेला. ‘मग छाती का हलते?’ असं आई विचारते. व्हेंटिलेटर हवा ढकलतोय, हे आयसीयूतल्या ब्रदरइतकं सोपं करून कोणाला सांगता येणार? मी असे दोन समन्वयक जवळून पाहिले आहेत. त्यांतला एक अवयवांचा विषय काढण्याआधी कितीतरी वेळ नुसता पाणी आणून देत, नातेवाइकांचे फोन लावून देत बसायचा. घरच्यांनी ‘नाही’ म्हटलं तरी मृतदेह घरी जाईपर्यंत तो थांबायचा.

यातही रात्री-बेरात्री फोन येतो, हे जाणूनच जा. मुंबईच्या केईएममध्ये विभागीय आणि राज्य अवयव प्रत्यारोपण संस्थेचं कार्यालय आहे, आणि विभागीय समन्वय केंद्र तुमच्या शहरातही आहे. तिथे जाऊन प्रशिक्षण कधी आहे ते विचारा. मोहन फाउंडेशनही समन्वयकांचं प्रशिक्षण घेतं.

प्रश्न: मॅडम, मी नांदेड जिल्ह्यातल्या खेड्यातली, वय २२. बारावी आर्ट्सनंतर तालुक्याच्या गावी एका संस्थेत एक वर्षाचा नर्सिंग कोर्स केला. साठ हजार भरले, बाबांनी त्यासाठी म्हैस विकली. नोकरीची हमी दिली होती. आता सरकारी भरतीचा फॉर्म भरायला गेले तर नोंदणी क्रमांक मागतात आणि संस्था म्हणते तो मिळत नाही. एका हॉस्पिटलमध्ये सहा हजारांवर काम करते. सगळे मला सिस्टर म्हणतात, पण मी नर्स आहे की नाही तेच मला कळत नाही. दुसरं क्षेत्र बघू का?

उत्तर: बाळा, तुला खरं सांगणं भाग आहे. कायद्याने तू नर्स नाहीस. नर्स होण्याचे रस्ते ठरलेले आहेत: दोन वर्षांचं एएनएम, तीन वर्षांचं जीएनएम किंवा चार वर्षांचं बी.एस्सी. त्याखालच्या सहा महिन्यांच्या, वर्षाच्या कोणत्याही प्रमाणपत्रावर कौन्सिलची नोंदणी होत नाही. तुझ्यासारख्या मुली मी जिल्ह्याजिल्ह्यांतून पाहिल्या आहेत, आणि म्हशीचं वाचल्यावर रात्री बराच वेळ मला झोप आली नाही. तुझी यात चूक नाही. फसवणाऱ्यांची आहे.

आता हातात काय आहे ते बघू. तू २२ वर्षांची आहेस आणि एएनएमला पस्तीसपर्यंत प्रवेश मिळतो. दुसरं म्हणजे आर्ट्सची बारावी चालते. एएनएमलाही चालते आणि इंग्रजी विषय असून चाळीस टक्के असतील तर जीएनएमलाही. सायन्स लागतं असं कोणीतरी तुला सांगितलं असणार, पण ते बी.एस्सी. नर्सिंगला लागतं. माझं मत विचारशील तर जीएनएमच कर. घरची परिस्थिती तीन वर्षं अगदीच परवडणार नसेल तर एएनएम. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर अर्ज कर. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आत्तापासून काढून ठेव, प्रवेशाच्या दिवसांत सेतूवर गर्दी असते.

प्रवेश होईपर्यंत काम सोडू नकोस, पण दोन गोष्टी कर. अर्जावर ‘नर्स’ लिहू नकोस, ‘रुग्ण सहायक’ लिही. त्यात कमीपणा नाही. आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं हे जीव लावून करणारी माणसं वॉर्डात फार थोडी असतात. आणि डॉक्टर-सिस्टर समोर नसताना शिरेतून औषध देऊ नकोस, कोणी कितीही सांगितलं तरी. काही झालं तर ते तुझ्यावर येईल आणि तुझ्या पाठीशी कोणताही कागद नाही.

त्या संस्थेने पावतीवर आणि जाहिरातीत काय छापलं होतं ते जपून ठेव. ‘नोकरीची हमी’ लिहिलं असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. वकील असलाच पाहिजे असं नाही.

आणि यावेळी पैसे भरण्याआधी संस्थेचं नाव परिचर्या परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, हे बघितल्याशिवाय बाबांना सही करू देऊ नकोस. तुला यादी बघता आली नाही तर या मासिकाच्या पत्त्यावर संस्थेचं नाव लिहून पाठव. मी स्वतः बघून उलट टपाली कळवते.